ताट आणि शिदोरी : प्रस्तावना

आपल्याकडे एक प्रश्न फार सहज विचारला जातो, "तुम्ही खाता का?" काय खाता, ते विचारणारा सांगत नाही आणि ऐकणाऱ्यालाही ते समजावून द्यावं लागत नाही. मटण-मासळी खाणारे ते 'खाणारे', बाकीचे 'न खाणारे'. उत्तरंही ठरलेली असतात. "नाही हो, आमच्यात नाही खात." "मी खाते, पण आज वार आहे." "माळ घातल्यापासून सोडलं." नव्या शेजाऱ्यांकडे, सहलीच्या गाडीत, लग्नाची बोलणी चालू असताना हा प्रश्न मला असंख्य वेळा विचारला गेला आणि दर वेळी मी "मी खात नाही" एवढंच म्हटलं. पुढे कुणी काही विचारत नसे, मीही सांगत नसे. खात नाही, हे ठरलं. मग खाते काय? हे पुस्तक त्या राहून गेलेल्या प्रश्नाविषयी आहे.

मला तो पहिल्यांदा विचारला एका डॉक्टरीणबाईंनी. पंचेचाळिशीच्या आसपास माझ्या तळपायांना मुंग्या येऊ लागल्या, जिना चढताना धाप लागू लागली, ओळखीच्या माणसांची नावं आठवेनाशी झाली. वय झालं, असं मी स्वतःला समजावत होते. बाईंनी रक्त तपासायला पाठवलं आणि अहवाल येण्याआधीच वही उघडून म्हणाल्या, "काल दिवसभरात पोटात काय काय गेलं, ते क्रमानं सांगा." मी सांगितलं. सकाळी चहा आणि दोन खारी. डब्यात तीन पोळ्या आणि बटाट्याच्या काचऱ्या. चार वाजता पुन्हा चहा, सोबत कुणीतरी आणलेलं फरसाण. रात्री मऊ भात, त्यावर पळीभर पातळ वरण, लोणचं. बाईंनी लिहून घेतलं, वही माझ्याकडे फिरवली आणि काहीच बोलल्या नाहीत. मी वाचलं. शाक म्हणजे भाजी, पालेभाजी. जन्मभर स्वतःला शाकाहारी म्हणवणाऱ्या माझ्या त्या दिवसात एक हिरवं पान नव्हतं, मूठभर कडधान्य नव्हतं, ताकाचा पेला नव्हता. मांस नव्हतं, तेवढ्यावरच मी शाकाहारी होते.

अहवालात बी-१२ तळाला गेलेलं निघालं. या जीवनसत्त्वाबद्दल सुरुवातीलाच स्पष्ट लिहिते, कारण त्याबाबत प्रेमानं दिलेले चुकीचे सल्ले फार फिरतात. बी-१२ वनस्पती तयार करत नाहीत. ते जीवाणू तयार करतात आणि आपल्यापर्यंत प्राण्यांकडून येतं. शाकाहारी माणसासाठी दूध, दही, ताक, पनीर हीच त्याची वाट. गरज अगदी थोडी, मोठ्या माणसाला दिवसाला दोन-सव्वादोन मायक्रोग्रॅम, पण ती चहातल्या दोन चमचे दुधानं भागत नाही. कडधान्यांना मोड आणून, पीठ आंबवून किंवा स्पिरुलिनाची पूड खाऊनही खात्रीनं भागत नाही. जे दूधही घेत नाहीत त्यांनी गोळी किंवा बी-१२ घातलेले पदार्थ घेतलेच पाहिजेत. जे दूध घेतात त्यांनीही एकदा तपासून घ्यावं. "आमच्या आजीनं कुठे गोळ्या खाल्ल्या?" असं मला पुष्कळजणी विचारतात. आजीच्या घरी दुभतं होतं. शिवाय आजीचं बी-१२ कुणी कधी मोजलं नव्हतं, आणि तिच्या पायांना मुंग्या येतात का, हेही तिला कुणी विचारलं नव्हतं. मी गोळी घेते. तिच्यामुळे माझा शाकाहार उणा होतो असं मला वाटत नाही.

गोळ्यांनी मुंग्या हळूहळू थांबल्या. वहीचं ते पान मात्र डोळ्यांपुढून जाईना. मी त्याच्या शेजारी आईच्या घरचं ताट ठेवून पाहू लागले.

मराठी ताट वाढायची एक रीत आहे. वर मधोमध मीठ. त्याच्या डाव्या बाजूला लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजव्या बाजूला भाजी, उसळ, आमटीची वाटी. समोर भाताची मूद, तिच्यावर वरण आणि तूप. लहानपणी पंगतीत वाढताना माझी जागा चुकली, की आई हातातली पळी थांबवून "डावी बाजू बघ" एवढंच म्हणायची. तेव्हा मला ही नुसती शिस्त वाटे. आता वाटतं, ही आहाराची यादीच आहे. कागदाऐवजी ताटात जागा वाटून देऊन ती लिहिलेली आहे. कागदावरची ओळ गाळली तर कळत नाही, पण ताटातली जागा रिकामी राहिली तर डोळ्यांना खुपते. ज्या घरानं ताट सोडून एका बशीत पोळी-भाजी घ्यायला सुरुवात केली, त्या घरातून आधी डावी बाजू गेली आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या डाव्या बाजूकडे जरा थांबून पाहावं. पालेभाजीतलं आणि कडधान्यातलं लोह अंगी लागायला कष्टाचं असतं, पण त्याच जेवणात क जीवनसत्त्व असलं तर ते बरंच अधिक शोषलं जातं. म्हणजे पोह्यांवर किंवा उसळीवर पिळलेलं लिंबू चवीपेक्षा मोठं काम करतं. जेवल्या जेवल्या घेतलेला चहा नेमका उलटं काम करतो, तो तासाभरानं घ्यावा. चटणी म्हणजे तीळ, जवस, कारळे, शेंगदाणे. जवस अख्खं गिळलं तर बरंचसं तसंच पुढे जातं. भाजून कुटलं तरच त्यातली चांगली स्निग्धता शरीराला मिळते. आपल्याकडे जवसाची चटणीच होते, ती उगाच नाही. चमचाभर चटणीला तोंडीलावणं म्हणून आपण हलकं लेखतो, पण शाकाहारी ताटातली ती सगळ्यात दाट वस्तू आहे. माझ्या स्वयंपाकघरात आता दोन कोरड्या चटण्या कायम भरलेल्या असतात, आणि त्यांतली एक संपली तर मला पीठ संपल्यासारखं वाटतं.

उजव्या बाजूवर प्रथिनांचा भार असतो. शाकाहारी माणसाला याविषयी फार भीती घातली जाते आणि मग डबेच्या डबे पावडर विकली जाते. म्हणून साधा हिशेब मांडते. आपल्याकडच्या शिफारशीनुसार निरोगी मोठ्या माणसाला वजनाच्या किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला साधारण ५०. आता १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकऱ्यांतून १० येतात, ४० ग्रॅम कोरड्या मटकीच्या उसळीतून ९, ३० ग्रॅम तूरडाळीच्या वरणातून ७, २० ग्रॅम शेंगदाण्यांच्या कुटातून ५, ६० ग्रॅम कणकेच्या पोळ्यांतून ६, वाटीभर दही आणि पेलाभर दूध मिळून ११, भाताच्या मुदीतून ४. बेरीज ५२. आकडे ढोबळ आहेत, पण वस्तू सगळ्या किराणा दुकानातल्या आहेत. या हिशेबात गळती होते ती एकाच जागी. पातळ वरणात. पाहुणे वाढले की वरणात पाणी वाढतं, घाई असली की वाढतं, महागाई आली की वाढतं. वाटी भरलेली दिसते आणि तळाशी डाळ बोटभर असते. डाळ मोजून घ्यावी, हा या पुस्तकातला सगळ्यात रुक्ष सल्ला आहे आणि कदाचित सगळ्यात उपयोगी.

धान्याच्या प्रथिनांत जे कमी पडतं ते डाळीत असतं, आणि डाळीत उणं असतं ते धान्यात. दोन्ही मिळून घास पुरा होतो. वरण-भातात हे दिसतंच, पण मला त्याहून कौतुक वाटतं ते ज्यांनी ही जोडणी एकाच पदार्थात केली त्यांचं. खान्देशातली कळण्याची भाकरी घ्या. ज्वारीबरोबर अख्खे उडीद दळलेले असतात. वर ठेचा आणि तेल, की जेवण झालं. विदर्भातला गोळाभात घ्या, डाळीच्या पिठाचे गोळे भातातच शिजवलेले. ही माणसं शेतावर राबणारी होती, दुपारी एकदा खाल्लेलं दिवेलागणीपर्यंत पुरावं लागे. त्यांच्या पोटानं दिलेली कसोटी या पदार्थांच्या पाठीशी आहे.

शाकाहारी मराठी जेवण म्हटलं, की केळीचं पान, मसालेभात, अळूची भाजी आणि जिलबी डोळ्यांपुढे येते. ते सणाचं जेवण झालं, आणि तेही थोड्या घरांतलं. महाराष्ट्रात रोजचं शाकाहारी जेवण सगळ्यात जास्त रांधलं ते 'खाणाऱ्या' घरांनी. बुधवार, शुक्रवार, रविवार सोडले तर उरलेले दिवस, सोमवार-गुरुवार-शनिवारचे वार, सगळा श्रावण, एकादशी, संकष्टी, आणि हातात पैसे नसलेले कितीतरी दिवस. झुणका, ठेचा, शेंगांची आमटी, हुलग्यांचं माडगं, अंबाडीची भाजी हे त्या घरांचं देणं आहे. माळकऱ्यांनी तर पिढ्यानपिढ्या विचारपूर्वक हा आहार पाळला. गोव्यात यासाठी फार सुंदर शब्द आहे, शिवराक. मासळीवर जीव असलेल्या घरात सोमवारी शिवराक रांधतात, तेव्हा मुगाच्या गाठी, अळसांद्यांचं तोणाक, तिरफळाच्या वासाचं खतखतं यांचा बेत होतो, आणि मासळी नाही म्हणून कुणी तोंड पाडून बसत नाही. म्हणूनच दुकानांच्या पाट्यांवरचा 'शुद्ध शाकाहारी' हा शब्द मला कधी रुचला नाही. त्यातल्या 'शुद्ध'नं शेजारच्या ताटाला अशुद्ध ठरवलं जातं. या पुस्तकात तो शब्द कुठेही आलेला नाही.

पाककृतींची पुस्तकं मराठीत भरपूर आहेत. १९७० साली आलेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'च्या जीर्ण प्रती आजही कितीतरी ओट्यांवर आहेत. त्या कामात भर घालण्याची माझी योग्यता नाही. इथे कृती आहेत, पण त्या ताटातल्या जागांप्रमाणे लावल्या आहेत. आज हिरवं काय, कडधान्य कोणतं, कच्चं काय, आंबट काय. पावसाळ्यातल्या रानभाज्यांना मी मुद्दाम जास्त पानं दिली आहेत. टाकळा, फोडशी, भारंगी, कुर्डू, करटोली, शेवळं. शेवळं काकडं घालूनच शिजवायची, नाहीतर घसा खाजतो. या गोष्टी विकायला बसलेल्या बाईला ठाऊक असतात आणि विचारलं तर ती आनंदानं सांगते. पेठेत मेथी-पालकाच्या दोन जुड्या घेऊन परतणाऱ्यांना दर वर्षी चार महिने उघडणारं हे दुकान दिसतच नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

घरातलं ताट जमलं, तरी उंबऱ्याबाहेर पाऊल पडलं की ते मोडतं. प्रवासात शाकाहारी माणूस उपाशी क्वचितच राहतो. तो वाईट खातो. बिस्किटं, वेफर्स, वडापाव, मैद्याची पोळी आणि केशरी रश्श्यातलं पनीर, असे चार दिवस गेले की पाचव्या दिवशी पोट आणि मन दोन्ही कुरकुरतात. आपल्या आधीच्या पिढ्यांनी यावर विचार केला होता, त्याचं नाव शिदोरी. दशमीचं पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवतात, म्हणून ती मऊ राहते आणि टिकते. धपाट्यात ज्वारी, गहू आणि हरभरा एकत्र येतात, वर तीळ. मेतकूट म्हणजे भाजलेल्या डाळी आणि धान्य, गरम भात मिळाला की दोन चमच्यांत जेवण. शेंगदाण्याची चटणी, गूळ, कांदा. पाहिलंत तर शिदोरीतही ताटातल्या जागा भरलेल्या असतात, फक्त पाणी काढून घेतलेलं असतं. मी अजूनही आगगाडीच्या प्रवासात पहिल्या दिवसाची दोन जेवणं घरची नेते आणि पिशवीत मेतकूट, भाजलेले शेंगदाणे, चार लिंबं कायम असतात. लिंबू कुठल्याही परक्या जेवणाची डावी बाजू भरून काढतं.

शिदोरीचा विचार करताना मला आनंदीबाई जोशी आठवतात. १८८३ साली अठरा वर्षांची ही मुलगी कलकत्त्याहून बोटीनं अमेरिकेला निघाली ती खाण्यापिण्याचे नेम सोडायचे नाहीत असं ठरवून. आठवड्यांमागून आठवडे समुद्र, मग फिलाडेल्फियाची थंडी, डॉक्टरीचा अभ्यास. १८८६ साली पदवी मिळाली आणि १८८७च्या फेब्रुवारीत पुण्यात क्षयानं त्या गेल्या, बाविसाव्या वाढदिवसाला महिनाभर उरलेला असताना. त्यांच्या मृत्यूचा दोष मी आहाराला देत नाही, तसं म्हणायला आधार नाही. पण त्या परक्या शहरात वाटीभर घट्ट वरण, पेंडी भाजी, ताक त्यांना रोज मिळालं असतं तर, हा विचार मला सोडत नाही. नेम पाळण्याचं बळ त्यांच्यापाशी होतं. तो पाळताना काय खावं, हे सांगणारं त्या देशात कुणी नव्हतं.

आज सांगणारं सगळीकडे कुणीतरी असतं, शब्द माहीत हवा. पंजाब-हिमाचलात 'वैष्णो ढाबा' शोधावा, तमिळनाडूत 'सैवम्', बंगालमध्ये 'निरामिष'. बंगालचं नाव काढलं की आपल्याकडे मासेच डोळ्यांपुढे येतात, पण शुक्तो, केळफुलाचा घोंटो, नारळाचे तुकडे घातलेली हरभऱ्याची डाळ हे तिथलं निरामिष रांधणं अतिशय नाजूक आहे. त्यामागे एक दुःखही आहे. या स्वयंपाकाचा मोठा भाग विधवांनी घडवला, ज्यांच्यावर मासळीच काय, कांदा-लसूणही खायची बंदी होती. त्या घासाला मी नेहमी नमस्कार करते. गुरुद्वाऱ्यातला लंगर सगळ्यांना खुला असतो आणि तिथली डाळ पातळ नसते. आपल्याकडेच सिंहगडावर किंवा सह्याद्रीच्या कुठल्याही किल्ल्याच्या पायथ्याशी घराच्या पडवीत मिळणारं पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही शहरातल्या थाळीपेक्षा सरस असतं.

देशाबाहेर आपला हिरवा ठिपका कामाला येत नाही. विमानाचं जेवण निदान दोन दिवस आधी सांगून ठेवावं आणि 'हिंदू जेवण' निवडू नये, विमान कंपन्यांच्या भाषेत त्यात मांस असतं. आपल्या चवीचं शाकाहारी हवं तर 'एशियन व्हेजिटेरियन', म्हणजे एव्हीएमएल, मागावं. इटलीतलं खरं पार्मेजान चीज वासराच्या जठरातल्या विरजणाशिवाय होत नाही. थायलंडमध्ये भाजीतही माशाचं सार पडतं, पण पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात 'जे' लिहिलेलं दुकान दिसलं तर निर्धास्त आत जावं. इथिओपियात तर आपल्यासारख्यांनी आवर्जून जावं. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात, आणि त्यांच्या उपासाला मांस, अंडी, दूध काहीच चालत नाही. 'त्सोम' म्हणजे उपास, एवढा शब्द उच्चारला की इंजेराच्या आंबट, जाळीदार पोळीवर मसूर, कोबी, पालेभाज्या आणि शिरो यांचे ढीग मांडून येतात. शिरो हे कडधान्याच्या पिठाचं पिठलं आहे. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

माझी मोठी चूक जपानमध्ये झाली. रेल्वे स्थानकातल्या एका छोट्या दुकानात मी वाफाळत्या रश्श्यातल्या शेवया मागितल्या आणि पाठ करून आणलेल्या वाक्यात विचारलं, "यात मांस नाही ना?" दुकानदार नाही म्हणाला आणि ते खरंच होतं. तीन दिवस मी तेच आवडीनं खाल्लं. चौथ्या दिवशी कळलं की तो रस्सा 'दाशी'चा, वाळवलेल्या माशाच्या किसाचा. त्यानं मला फसवलं नव्हतं. मी पुन्हा नकारच विचारला होता, आणि नकारात काय काय बसतं हे प्रत्येक देश आपापल्या परीनं ठरवतो. त्यानंतर मी 'हे नको, ते नको' म्हणणं सोडलं. भात, भाज्या, सोयाबीन, तीळ, समुद्रातलं शेवाळ, असं मी काय काय खाते ते जपानीत लिहून घेतलं आणि शेवटी रश्श्यालाही मासा नको एवढी एक ओळ. कागद पुढे केला की लोक वाचतात, विचारात पडतात आणि मग आत जाऊन काहीतरी करून आणतात.

तोच कागद घेऊन मी कोयासानला गेले. डोंगरमाथ्यावरचं हे बौद्ध मठांचं गाव, तिथे यात्रेकरूंना मठातच राहता येतं आणि मठातलं 'शोजिन र्‍योरी' जेवता येतं. मांस नाही, मासा नाही, चातुर्मासासारखा कांदा-लसूणही नाही. संध्याकाळी चटईवर बसले, समोर लाल लाखेचे छोटे चौरंग आले. डावीकडे भात, उजवीकडे रस्सा, पलीकडे तिळाचं मऊ गोमादोफू, गोठवून वाळवलेलं त्या गावच्याच नावाचं कोयादोफू, उकडलेल्या भाज्या, कोपऱ्यात लोणच्याच्या तीन चकत्या. प्रत्येक वस्तूला तिची जागा होती. मी नकळत मीठ कुठे वाढलंय ते शोधलं. कागद पिशवीतच राहिला, तो दाखवायची गरजच पडली नाही. भात संपत आला तसा वाढणारा तरुण भिक्षू लाकडी घंगाळ घेऊन माझ्यापुढे बसला आणि काही न बोलता त्यानं भुवया उंचावल्या. मी वाटी पुढे केली.